मैदान मिळाले, कर्णधारपद नाही!

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी लढविलेल्या निवडणुकांपैकी १९३७ सालची मुंबई प्रांतिक विधानसभेची निवडणूक आपल्या चळवळीत अभिमानाने सांगितली जाते. स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन होऊन वर्षही झाले नव्हते, समोर काँग्रेससारखा बलाढ्य पक्ष होता, तरीही बाबासाहेब विजयी झाले. पण त्यांच्या विरोधात काँग्रेसने कोणाला उभे केले होते, हे आपल्यातील किती जणांना ठाऊक आहे? तो उमेदवार कोणी सावकार, जमीनदार किंवा बॅरिस्टर नव्हता. तो एक क्रिकेटपटू होता आणि तोही अस्पृश्य समाजातला. त्याचे नाव बाळू पालवणकर.

आणखी एक गोष्ट त्याहून कमी जणांना ठाऊक आहे. याच बाळू पालवणकरांचा १९११ साली इंग्लंडचा दौरा करून आल्यानंतर मुंबईतील अस्पृश्य समाजाने सत्कार केला, त्यांना मानपत्र दिले, आणि त्या मानपत्राच्या कामात एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणारा वीस वर्षांचा एक तरुण पुढे होता. त्या तरुणाचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. ज्याच्या गौरवासाठी तरुण भीमराव झटले, तोच माणूस पंचवीस वर्षांनी त्यांच्यासमोर प्रतिस्पर्धी म्हणून उभा राहिला. असे का घडले? बाळूंनी समाजाशी दगा केला म्हणून त्यांना इतिहासातून पुसून टाकायचे, की मोठा खेळाडू म्हणून डोक्यावर घेऊन बाकीचे विसरून जायचे? दोन्ही गोष्टी सोप्या आहेत आणि दोन्ही चुकीच्या आहेत. बाळूंचे सगळे आयुष्य नीट वाचले तर एक वेगळेच सत्य हाती लागते. ते आपल्या वाशिमसारख्या जिल्ह्यातील मुलांच्याही कामाचे आहे.

पालवणकर घराणे मूळचे कोकणातील पालवणचे, जात चर्मकार. बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. वडिलांची नोकरी लष्कराशी संबंधित होती, त्यामुळे कुटुंब पुण्यास आले. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बाबासाहेबांचे घराणेही कोकणातले आणि त्यांचे वडील सुभेदार रामजी हेही लष्करातलेच. गावगाड्याने ज्यांना वेशीबाहेर ठेवले त्यांना छावणीने निदान पगार, शिस्त आणि थोडे शिक्षण दिले. एकाच्या हाती तिथून पुस्तक आले, दुसऱ्याच्या हाती चेंडू. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू आणि त्यांचा भाऊ शिवराम खेळायला शिकले.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यात पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात होती. काम काय? मैदान झाडणे, खेळपट्टीवर रोलर फिरविणे, आणि सभासदांना सराव हवा असेल तेव्हा त्यांना चेंडू टाकणे. पगार महिना तीन रुपये. पुढे १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तिथे पगार एक रुपयाने वाढला. खेळपट्टी तयार करायची, आखायची, जाळी उभारायची आणि साहेब लोक आले की तासन् तास गोलंदाजी करायची. ग्रेग नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी तिथला नामांकित फलंदाज होता. तो सर्वांच्या आधी मैदानावर येई आणि एकट्या बाळूंना गोलंदाजी करायला लावी. आपल्याला बाद केल्यास प्रत्येक वेळी आठ आणे देण्याचे त्याने कबूल केले होते, असे सांगतात. डावखुऱ्या हाताने संथ फिरकी टाकणाऱ्या या मजुराने हजारो चेंडू टाकून आपली कला पक्की केली. पण इतक्या वर्षांत त्या क्लबात बाळूंच्या हाती बॅट मात्र कोणी दिली नाही. फलंदाजी हा साहेबांचा आणि सरदारांचा शौक, गोलंदाजी हे घाम गाळणाऱ्याचे काम. श्रमाची ही विभागणी आपल्याला नवीन आहे काय? बाबासाहेबांनी पुढे जातिव्यवस्थेला श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी म्हटले. क्रिकेटचे मैदान त्या नियमाला अपवाद नव्हते.

पुण्यातील हिंदू क्लबाला युरोपियनांचा पराभव करायचा होता. गावातील सर्वांत चांगला गोलंदाज कोण, हे सर्वांना माहीत होते. पण तो चर्मकार होता. त्याला संघात घ्यावे की नाही, यावर सभासदांत वाद झाला. काही ब्राह्मण सभासदांचा कडवा विरोध होता. शेवटी गोऱ्यांना हरविण्याची हौस विटाळाच्या भीतीपेक्षा मोठी ठरली आणि बाळूंना संघात घेण्यात आले. कसे घेण्यात आले? मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सगळे हाताळत. त्यांनी बळी घेतला की सगळे टाळ्या वाजवीत. पण चहाची वेळ झाली की संघातील बाकीचे खेळाडू आत चिनी मातीच्या कपात चहा घेत आणि बाळूंना तो बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात मिळे. तोंड धुवायचे तर मैदानाच्या कोपऱ्यात जायचे, आणि पाणी घालायला अस्पृश्य नोकरच यायचा. जेवणाचे ताटही वेगळे.

चेंडूला विटाळ नाही, कपाला मात्र विटाळ! हे कोणत्या धर्मशास्त्रात लिहिले होते? कुठल्याच नाही. जिथे तुमच्या अंगातील गुणाचा उपयोग आहे तिथे विटाळ बाजूला ठेवायचा आणि जिथे तुम्हाला माणूस म्हणून बरोबरीने बसवायचे आहे तिथे तो पुन्हा बाहेर काढायचा, हा सोयीचा धर्म होता. पुढे १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले, ते काही तहान लागली म्हणून नव्हे. बाळूंच्या हातावर कोपऱ्यात दुरून ओतलेल्या पाण्याचे आणि चवदार तळ्याच्या पाण्याचे नाते आपण ओळखले पाहिजे.

साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्यावर पुण्याच्या हिंदू संघाने विजय मिळविला, त्यात बाळूंची गोलंदाजी निर्णायक होती. पुण्यात त्यांचा सत्कार झाला, न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांचा गौरव केला, टिळकांनीही केला. हार गळ्यात पडले. पण हार घालणे आणि हक्क देणे यांत किती अंतर असते, हे बाळूंना पुढील पंचवीस वर्षे पाहायचे होते.

१८९६-९७ च्या प्लेगच्या सुमारास बाळू मुंबईस आले. काही काळ त्यांनी लष्करात काढला, पुढे रेल्वेत नोकरी केली. मुंबईच्या परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यातही प्रवेशाच्या वेळी कुरबुर झालीच. परंतु मुंबई ही गिरण्यांची, रेल्वेची, बंदराची नगरी. इथे सोवळेपण पुण्याइतके टिकणे कठीण होते. कर्णधार कीर्तिकर यांनी विरोधकांची समजूत घातली आणि बाळू जिमखान्यात आले. त्यांच्या मागोमाग भाऊ शिवरामही आले.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांच्या संघाशी सामना खेळून तो १०९ धावांनी जिंकला. दुसऱ्या डावात गोरा संघ १०२ धावांत गारद झाला आणि त्याला गारद करणाऱ्यांत बाळू प्रमुख होते. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरविल्याचा जल्लोष देशभर झाला. त्या वेळी सुधारकी वृत्तपत्राने एक मुद्दा मांडला होता. या चर्मकार भावांना पुण्याने खेळू दिले पण चहाला वेगळे बसविले, मुंबईने त्यांना आपल्यासोबत जेवायलाही बसविले, ही राष्ट्रीय प्रगती आहे, असा त्याचा आशय होता. ते खरेच होते. मुंबईत बाळूंचा कप इतरांच्या कपात आला. विषमतेच्या भिंतीची एक वीट निघाली, हे नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न असा की पुढची वीट निघाली काय?

१९०७ पासून मुंबईत युरोपियन, हिंदू आणि पारशी संघांचे तिरंगी सामने सुरू झाले. १९१२ पासून मुस्लिम संघ आला आणि ते चौरंगी झाले. या सामन्यांना लोटणारी गर्दी आजच्या सामन्यांच्या तोडीची असे. बाळू या काळात हिंदू संघाचा कणा होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी एकंदरीत निराशाजनक झाली. प्रथम दर्जाचे १४ सामने झाले, त्यांतले १० हरले, फक्त दोन जिंकले. परंतु वयाच्या पस्तिशीत असलेल्या, खांदा दुखत असलेल्या बाळूंनी त्या दौऱ्यात सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले, त्यांपैकी ७५ प्रथम दर्जाच्या सामन्यांतले. लीस्टरशायरविरुद्धच्या विजयात त्यांनी दोन डावांत मिळून ११ बळी टिपले. सॉमरसेटविरुद्धच्या विजयात त्यांचे भाऊ शिवराम यांनी शतक ठोकले. म्हणजे त्या दौऱ्यातील दोन्ही विजयांवर पालवणकर बंधूंची मोहोर होती. राजे-महाराजांच्या संघाची लाज राखली ती मैदान झाडण्यापासून सुरुवात केलेल्या घराने!

आता तरुण भीमरावांनी त्यांच्या मानपत्राच्या कामात का पुढाकार घेतला असेल, हे कळायला अवघड जात नाही. अस्पृश्य माणसाला बुद्धी नाही, शौर्य नाही, कौशल्य नाही, असे धर्माच्या नावाने सांगणाऱ्यांच्या तोंडावर फेकायला जिवंत पुरावा मिळाला होता. मुंबईच्या चाळींतल्या अस्पृश्य पोरांचा बाळू हा पहिला नायक होता.

बाळूंची प्रथम दर्जाची कारकीर्द १९०५-०६ पासून १९२०-२१ पर्यंत चालली. त्या काळी प्रथम दर्जाचे सामने फार थोडे होत. त्यांना एकंदर ३३ सामने मिळाले आणि त्यांत त्यांनी १७९ बळी घेतले, सरासरी १५.२१ धावांना एक बळी. एका डावात पाच किंवा अधिक बळी त्यांनी १७ वेळा घेतले. आकडे जात बघत नाहीत. हे आकडे कुठल्याही काळातल्या कुठल्याही गोलंदाजाने मिरवावेत असे आहेत. शिवराम, विठ्ठल आणि गणपत हे तिन्ही धाकटे भाऊही हिंदू संघात खेळले. एका अस्पृश्य घरातले चार भाऊ हिंदूंच्या संघात!

मग या संघाचे कर्णधारपद बाळूंना किती वेळा मिळाले? एकदाही नाही. अनुभव त्यांचा, बळी त्यांचे, विजय त्यांच्यामुळे, पण नाणेफेकीला जायचे ते कोणी उच्चवर्णीयाने. १९१३ साली एम. डी. पै कर्णधार झाले तेव्हा त्यांनी स्वतःच हा मान खरे तर बाळूंचा होता, असे जाहीरपणे मान्य केले. पै यांचा प्रांजळपणा गौरवास्पद आहे. पण निवड समितीला त्याने पाझर फुटला नाही. एकेकट्या चांगल्या माणसाचे मन बदलणे आणि व्यवस्था बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून दिसते.

सन १९२० आपल्या चळवळीच्या इतिहासात मोलाचे आहे. ३१ जानेवारीला मूकनायक निघाले. मार्चमध्ये माणगाव परिषद झाली. राजर्षी शाहू महाराजांनी तिथे बाबासाहेबांचे नेतृत्व जाहीर केले. मे अखेर नागपूरला शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली. आणि त्याच वर्षाच्या शेवटी मुंबईच्या मैदानावर एक छोटेसे बंड झाले, ज्याची नोंद आपल्या इतिहासात व्हायची राहून गेली. चौरंगी सामन्यांसाठी हिंदू संघ निवडताना बाळूंना वगळण्यात आले. पै आजारी होते. त्यांच्या जागी कर्णधार कोण, असा प्रश्न आला तेव्हा विठ्ठल पालवणकरांचा दावा डावलून पुण्याच्या दि. ब. देवधरांना नेमण्यात आले. देवधर मोठे फलंदाज होते, याविषयी वाद नाही. पण विठ्ठल संघात त्यांच्यापेक्षा ज्येष्ठ होते. विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी जातीमुळे आपल्याला डावलले जाते, असे उघड सांगून संघातून अंग काढून घेतले. खेळायचे तर मानाने, नाही तर नाही!

या बहिष्काराचा परिणाम काय झाला? वृत्तपत्रांत चर्चा झाली, क्रिकेटप्रेमींत नाराजी पसरली आणि जिमखान्याच्या धुरीणांना माघार घ्यावी लागली. पुढच्या सामन्यासाठी पै परतले, बाळूंना संघात घेऊन उपकर्णधार नेमण्यात आले, आणि भाऊही परत आले. सामना चालू असताना पै काही वेळ मैदानाबाहेर गेले. तेवढा वेळ हिंदू संघाचे नेतृत्व बाळूंनी केले. इतक्या वर्षांच्या चाकरीनंतर पदरात पडले ते एवढेच. तेही दुसऱ्याने उठून दिलेल्या जागेवर.

कर्णधारपद घरात आले ते १९२३ साली, विठ्ठल यांच्या रूपाने. त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदू संघाने त्याच वर्षी विजेतेपद मिळविले आणि १९२५ व १९२६ सालीही मिळविले. विठ्ठल यांनी माझे क्रीडा-जीवन या नावाने आपले आत्मचरित्रही लिहून ठेवले. ते १९४८ साली प्रसिद्ध झाले. थोरल्याने तीस वर्षे गुणवत्ता सिद्ध केली, पण दार उघडले ते धाकट्यांनी खेळायला नकार दिल्यावर. हा सगळ्या कथेचा गाभा आहे. गुणाने मैदान मिळाले, चांगुलपणाने कप मिळाला, पण पद मिळाले ते संघटित नकारामुळे.

दूर अमेरिकेतही हेच दिसते. बिल रसेल हे बास्केटबॉलमधील सेंटर या जागेवर खेळणारे कृष्णवर्णीय खेळाडू. बोस्टन सेल्टिक्स या व्यावसायिक संघाकडून ते १९५६ ते १९६९ अशी १३ वर्षे खेळले आणि त्यांपैकी ११ वेळा त्यांचा संघ विजेता ठरला. तरीही १९६१ साली केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे त्यांच्या संघातील कृष्णवर्णीय खेळाडूंना उपाहारगृहात खायला नाकारले गेले. रसेल आणि त्यांचे कृष्णवर्णीय सहकारी सामना न खेळता परत फिरले. १९६६ साली रसेल त्याच संघाचे प्रशिक्षक झाले. त्या व्यावसायिक साखळीतले ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. २०२२ साली त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांचा सहा हा क्रमांक यापुढे सर्वच संघांत नव्या खेळाडूला न देण्याचा निर्णय झाला. पालवणकर बंधूंनी मुंबईत जे केले ते रसेल यांच्या एक्केचाळीस वर्षे आधी. पण रसेल यांच्या पाठीशी नागरी हक्कांची प्रचंड चळवळ उभी होती. बाळूंच्या उमेदीच्या काळात आपली चळवळ अजून उभी राहायची होती.

आणि चळवळ उभी राहिली तेव्हा बाळू कुठे होते? इथे आपल्याला अवघड पानाकडे यावे लागते. बाळू गांधींच्या प्रभावाखाली होते. हिंदू समाजाचे मन हळूहळू बदलेल, असा त्यांचा विश्वास होता. बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघ मिळविले, तेव्हा बाळू मद्रासच्या एम. सी. राजा यांच्या बाजूने, म्हणजे संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने उभे राहिले. २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्याला झालेल्या पुणे करारावर बाळूंचीही सही आहे. या कराराने प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या. त्यांपैकी मध्य प्रांताच्या वाट्याला २० आल्या. आपले वाशिम त्या वेळी वऱ्हाडातील अकोला जिल्ह्याचा भाग होते आणि वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेला होता. म्हणजे त्या कागदावरच्या सह्यांनी आपल्या आजोबा-पणजोबांचे मत कसे मोजले जाईल हे ठरले. जागा आपल्या, पण त्यांवर कोण बसणार हे बहुसंख्य सवर्ण मतदार ठरविणार, ही त्या कराराची मेख होती.

१९३३ साली बाळूंनी हिंदू महासभेतर्फे मुंबई महापालिकेची निवडणूक लढविली. हरले. १९३५ साली येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली, तेव्हा बाळूंनी धर्मांतराला विरोध केला. आणि १९३७ साली काँग्रेसने मुंबईच्या ई व एफ वॉर्डांच्या मतदारसंघात त्यांना बाबासाहेबांविरुद्ध उतरविले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. अंतर अवघे २,०२० मतांचे. बाबासाहेबांविरुद्ध इतकी मते घेणारा माणूस लोकप्रिय होता, यात शंका नाही. पण काँग्रेसने त्यांना निवडले ते त्यांच्या विचारांसाठी की त्यांच्या जातीसाठी? अस्पृश्यांतल्या एका जातीचा नामवंत माणूस दुसऱ्या जातीत जन्मलेल्या नेत्यापुढे उभा करायचा आणि बाजूला बसून गंमत बघायची, हा डाव तेव्हापासून चालू आहे. १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबईत बाबासाहेबांसमोर काँग्रेसचे काजरोळकर उभे करण्यात आले, १९५४ च्या पोटनिवडणुकीत आपल्याच विदर्भातल्या भंडाऱ्यात बोरकर. दोन्ही वेळा घटनेचा शिल्पकार पराभूत झाला. १९३७ ला जो डाव थोडक्यात फसला तो पुढे साधला.

बाळू लबाड होते काय? त्यांच्या आयुष्यात तसे काही दिसत नाही. ज्या समाजाने त्यांना कोपऱ्यातून उचलून जेवणाच्या पंगतीत बसविले, त्या समाजाच्या सद्भावनेवर त्यांनी विश्वास ठेवला. रानडे, कीर्तिकर, पै अशी काही भली माणसे त्यांनी पाहिली होती. त्यामुळे सगळी व्यवस्था भली होईल असे त्यांना वाटले असावे. बाबासाहेबांनी मात्र भल्या माणसांवर नव्हे, तर कायद्यावर, मताधिकारावर आणि संघटनेवर विसंबायचे ठरविले. यातला कोणाचा विचार बरोबर होता? याचे उत्तर बाळूंच्या स्वतःच्या कारकिर्दीतच आहे. सद्भावनेने त्यांना कधीही कर्णधार केले नाही. म्हणजे बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले खरे, पण त्यांचे आयुष्य बाबासाहेबांच्या बाजूने साक्ष देते.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. त्यानंतर पंधरा महिन्यांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि लाखो लोकांनी विटाळाचे सगळे शास्त्र एका दिवसात टाकून दिले. क्रिकेटच्या इतिहासाने मात्र बाळूंना विसरून टाकले. रणजी हे राजपुत्र होते, त्यांच्या नावाने देशाची मोठी स्पर्धा चालते. मैदान झाडणाऱ्याच्या मुलांना सांगायला बाळूंचे नाव पाठ्यपुस्तकांत फारसे आलेच नाही. २००२ साली इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी भारतीय क्रिकेटच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथात त्यांना मानाचे स्थान दिले, तेव्हा कुठे सुशिक्षितांना ते ठाऊक झाले. आपला इतिहास आपण लिहिला नाही तर दुसरा कोणीतरी लिहीपर्यंत वाट पाहावी लागते, हे पुन्हा एकदा सिद्ध झाले.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. १ जुलै १९९८ रोजी वाशिम स्वतंत्र जिल्हा झाला. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे सहा तालुके. २०१८ साली नीती आयोगाने देशातील मागे राहिलेल्या जिल्ह्यांना आकांक्षित जिल्हे असे गोंडस नाव दिले. त्यांत महाराष्ट्रातील गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद यांच्यासोबत आपला वाशिमही होता. इथल्या रस्त्यांवर पहाटे पोलीस भरतीसाठी पळणारी पोरे-पोरी आपण पाहतो. त्यांतली कितीतरी भूमिहीन मजुरांची, बौद्ध, मातंग, चर्मकार, भटक्या समाजाची. त्यांच्या पायांत ताकद आहे, छातीत दम आहे. पण हातात बूट नाहीत, मार्गदर्शक नाही, मैदान नाही. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्याचा लाभ घ्यायचा तर ठराविक दर्जाच्या स्पर्धेचे प्रमाणपत्र लागते, आणि त्या स्पर्धेपर्यंत पोहोचायला आधी संघनिवडीच्या टेबलापर्यंत पोहोचावे लागते. त्या टेबलावर आपला माणूस आहे काय? हा प्रश्न बाळूंच्या वेळी होता आणि आजही तो तसाच उभा आहे.

म्हणून आपल्या मुलांना फक्त खेळा, मोठे व्हा, एवढे सांगून भागणार नाही. खेळा, शिका, आणि निवड करणाऱ्यांच्या खुर्चीवरही बसा, असे सांगावे लागेल. तालुका क्रीडा संकुलाचा निधी कुठे गेला, शाळेचे मैदान कोणाच्या ताब्यात आहे, संघ कोणी निवडला, हे विचारणारी संघटना गावोगावी हवी. एकटा कितीही मोठा झाला तरी तो दुसऱ्याच्या संघात खेळतो. संघटित समाज आपला संघ स्वतः उभा करतो.

आणि शेवटची गोष्ट आपल्या आपसातली. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मान्यता दिली. त्यावर मते वेगवेगळी असू शकतात, चर्चा जरूर व्हावी. पण त्या निमित्ताने महार-चर्मकार-मातंग असा एकमेकांचा दुस्वास वाढविण्याचे उद्योग सुरू झाले आहेत, ते १९३७ च्याच डावाची नवी खेळी आहेत. बाळू पालवणकर हे केवळ चर्मकार समाजाचे नाहीत. १९११ च्या मानपत्राच्या कामात झटताना तरुण भीमरावांनी त्यांची पोटजात पाहिली नव्हती. त्यांनी त्यांना आपला माणूस मानले. बाळू पुढे विरोधात गेले म्हणून ते मानपत्र खोटे ठरत नाही, आणि मानपत्र दिले म्हणून त्यांची चूक बरोबर ठरत नाही. मोठ्या मनाच्या समाजाला दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांगता आल्या पाहिजेत.

येत्या जयंतीच्या कार्यक्रमांत मुलांच्या क्रिकेट स्पर्धा होतील, ढोल-ताशे वाजतील, बक्षिसे वाटली जातील. एखादे बक्षीस बाळू पालवणकरांच्या नावाने ठेवा. पण ते सर्वाधिक बळी घेणाऱ्याला देऊ नका, त्याने ते मैदानावर मिळविलेच आहे. ते उत्तम कर्णधाराला द्या. जे बाळूंना कोणी दिले नाही ते त्यांच्या नावाने आपल्या मुलांना तरी मिळू द्या!

जय भीम!